पुटकुळी तर्फे दहिवली

रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात दहिवली नावाची दोन गावे असून, त्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून महसूल खात्याने एकीला दहिवली तर्फे नीड आणि दुसरीला दहिवली तर्फे वरेडी असे म्हणायचे ठरवून ठेवले आहे. तर्फ म्हणजे तालुक्याच्या पोटातील गावांचा जुना महसुली गट. तो कारभारातून केव्हाच निवृत्त झाला असला तरी सातबाऱ्यावरची जागा सोडायला तयार नाही. यांपैकी पहिली दहिवली, म्हणजे उल्हास नदीच्या काठची, पूल ओलांडला की कर्जत शहराला भिडणारी आणि आता कर्जत नगर परिषदेतच मोडणारी दहिवली, ही प्रस्तुत विवेचनाची भूमी होय. अर्जावर तर्फ लिहायची राहिली तर कागद भलत्याच दहिवलीच्या गठ्ठ्यात जाऊन बसेल, ही धास्ती येथील जमीनधारकाच्या मनात कायम असते. तोच जमीनधारक स्वतःच्या गालावर एखादा बारीक, टणक आणि हटवादी उंचवटा उगवलेला पाहतो, तेव्हा मात्र त्याची तर्फ विचारण्याचे भान त्याला राहत नाही आणि हाताला लागेल तो उपाय तो त्यावर थापून मोकळा होतो. उपाय भलत्याच गठ्ठ्यात जातो आणि पुटकुळी जागच्या जागी राहते. तिला तिची तर्फ मिळवून देणे हा या लेखाचा हेतू असून, महसूल खात्याने हे काम अंगावर न घेतल्यामुळे ते विनोदी लेखनाच्या वाट्याला आले आहे.

प्रथम संज्ञांचा विचार केला पाहिजे, कारण या प्रांतात मराठी भाषा मुळीच दरिद्री नाही. बारीक असेल ती पुटकुळी, तिने पाणी धरले की फोड, फोडाने पू धरून मोठेपणा मिरवला की गळू, केसाच्या मुळाशी ठणकू लागले तर केसतूड, पापणीच्या कडेला बसली तर रांजणवाडी, उन्हाळ्यात जमावाने आले तर घामोळे, देठाला लोंबकळले तर मस, खरखरीत आणि आडमुठी असेल तर चामखीळ, आणि हेच सारे सपाट, काळे व नेमक्या जागी असेल तर लावण्याचा तीळ. जाहिरातींनी या यादीत तारुण्यपीटिका या शब्दाची भर घातली. तो कानाला संस्कृत नाटकातील नायिकेच्या सखीसारखा लागत असल्यामुळे ती चेहऱ्यावर आल्याचे दुःख निदान उच्चारापुरते तरी कमी होते. परंतु या सर्वांत अर्थगर्भ शब्द मुरूम हाच आहे, कारण चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांना आणि रस्त्यावर पसरायच्या तांबूस, भुसभुशीत खडीमातीला मराठीने हे एकच नाव दिले आहे. ज्या तालुक्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तेथे या दोन्ही मुरमांचा परिचय घरोघर असतो आणि त्यांतील भेदही लक्षात येतो: रस्त्यावर आधी खड्डा पडतो आणि मग त्यात मुरूम टाकतात, तर चेहऱ्यावर आधी मुरूम येतो आणि मग तो उकरून काढल्यामुळे खड्डा पडतो. क्रम उलटा असला तरी दोन्हीकडे शेवटी शिल्लक राहतो तो खड्डाच, आणि दोन्हीकडे त्याचे खापर पावसाळी हवेवर फोडले जाते.

पहिली आणि सर्वांत दाट वस्तीची तर्फ म्हणजे तर्फे तेल. त्वचेतील प्रत्येक केसाच्या मुळाशी तैलग्रंथी असतात. त्यांतून पाझरणारा स्निग्ध स्राव त्वचा मऊ ठेवण्यासाठी रंध्रावाटे वर येत असतो, आणि वयात येताना शरीरातील अँड्रोजेन नावाची संप्रेरके, म्हणजे रक्तातून संदेश पोहोचवणारी रसायने, या ग्रंथींना जादा उत्पादनाचा हुकूम देतात. त्याच वेळी रंध्राच्या तोंडाशी मृत पेशींचा चिकट बोळा बसला की आत माल तयार आणि दार बंद अशी परिस्थिती निर्माण होते. बोळ्याचे तोंड उघडे राहिले तर त्याचा माथा काळा पडतो आणि त्याला ब्लॅकहेड म्हणतात. हा काळेपणा मळाचा असतो असे समजून घराघरांत साबणाची एक वडी जादा झिजते, परंतु तो मेलॅनिन या त्वचेच्या रंगद्रव्याचा हवेशी संबंध येऊन पडलेला रंग असल्यामुळे घासण्याने जात नाही, फक्त नाक तांबडे होते. तोंड बंद राहिले तर पांढरट माथ्याची पुटकुळी होते, आणि त्या कोंडलेल्या तेलात क्यूटिबॅक्टेरियम अॅक्नीस हा त्वचेचा कायमचा रहिवासी असलेला जिवाणू मातला की लाली, सूज आणि पू हे पुढचे अंक सुरू होतात. बारा ते चोवीस या वयोगटातील सुमारे 85 टक्के लोकांना कमी-अधिक प्रमाणात हा अनुभव येतो असे त्वचारोगाच्या ग्रंथांत सांगितलेले असते; तरीही त्या वयातील प्रत्येकाची अशी खात्री असते की उरलेल्या 15 टक्क्यांत आपला सबंध वर्ग बसतो आणि 85 टक्के म्हणजे आपण एकटेच.

या तर्फेची नोंद फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांचा एक अध्याय आहे, आणि त्यात मुखदूषिका, म्हणजे तोंड बिघडवणारी, या नावाने तरुणांच्या चेहऱ्यावर कफ, वात आणि रक्त यांच्या दोषाने उठणाऱ्या पिटिकांचे वर्णन आले आहे. क्षुद्र या विशेषणावर कोणत्याही काळातील रुग्णाने हरकत घेतली असती हे उघड आहे. पण त्या पिटिकांना दिलेली उपमा मात्र बिनतोड आहे. त्या शाल्मलीच्या काट्यांसारख्या असतात असे ग्रंथकार म्हणतो, आणि शाल्मली म्हणजे काटेसावर. माघ-फाल्गुनात कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर पाने झडून लालभडक फुलांनी पेटलेली जी झाडे दिसतात, त्यांच्या कोवळ्या खोडांवरचे बुडाशी रुंद व टोकाशी निमुळते काटे ज्याने हात फिरवून पाहिले आहेत, त्याला उपमा समजावून सांगण्याची गरज पडत नाही. पुढे वैद्यांनी या उपमेलाच औषधाचा दर्जा देऊन सावरीचा काटा दुधात वाटून तोंडाला लावावा असेही सुचवले. काट्याने काटा काढावा हे तत्त्व येथे वाक्प्रचारातून थेट सहाणेवर उतरले आहे, आणि भाषेने वैद्यकाला इतकी उघड मदत केल्याचे उदाहरण विरळाच सापडेल.

दुसरी तर्फ तर्फे केराटिन ही असून, हटवादीपणाच्या बाबतीत तिची सर दुसऱ्या कोणाला नाही. केराटिन म्हणजे केस, नखे आणि त्वचेचा वरचा थर ज्याचे बनतात ते चिवट प्रथिन. त्याचा बारीकसा गोळा त्वचेच्या वरच्या थराखालीच एका पिशवीत अडकून पडला की डोळ्यांच्या खाली, पापण्यांवर वा गालांच्या उंचवट्यांवर एक-दोन मिलिमीटरचा पांढरा, टणक दाणा दिसू लागतो. वैद्यकात त्याला मिलिया म्हणतात, आणि मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ वरी-राळ्याच्या जातीचे भरडधान्य असा आहे. नाचणी आणि वरी ही कर्जतच्या वरकस उतारांवरची जुनी पिके असल्यामुळे हे नाव लॅटिनमधून आणण्याची फारशी गरज नव्हती. भात सडल्यावर सुपात उरणारी कणी पाहिलेल्या गृहिणीने तर ते बसल्या जागी ठेवले असते. नवजात बालकांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या नाकावर व गालांवर असे दाणे असतात आणि काही आठवड्यांत ते आपोआप नाहीसे होतात, याचे मुख्य कारण असे की बाळाला आरसा पाहता येत नाही आणि स्वतःचे नाक चिमटीत धरण्याइतकी त्याची बोटे अजून तरबेज झालेली नसतात.

मोठ्या माणसाच्या ठायी या दोन्ही कला पूर्णत्वाला गेलेल्या असतात, आणि तेथूनच अनर्थाला आरंभ होतो. तेलाच्या पुटकुळीला निदान रंध्राचे तोंड असते. केराटिनच्या दाण्याला तेही नसते. ती दार, खिडकी, झरोका असे काहीही न ठेवता बांधलेली खोली होय, आणि तिला चारही बाजूंनी दाबल्याने आतला ऐवज बाहेर येईल ही अपेक्षा भिंतीवर धडका मारून घराबाहेर पडू पाहण्यासारखी आहे. दाबणाऱ्याला प्रत्येक वेळी ‘आता सुटलाच’ असा भास होतो. भोवतालचा भाग लालबुंद सुजतो, डोळ्यांत पाणी येते, आणि सूज ओसरल्यावर तो पांढरा दाणा पूर्वीइतकाच शांतपणे आपल्या जागी बसलेला आढळतो. त्वचारोगतज्ज्ञ निर्जंतुक सुईने त्या खोलीला टाचणीच्या टोकाएवढे दार पाडतो आणि दाणा अलगद बाहेर काढतो. ज्या कामासाठी माणसाने सहा महिने सकाळ-संध्याकाळ झटापट केली ते अर्ध्या मिनिटात उरकलेले पाहून आनंद होण्याऐवजी मानहानी झाल्यासारखे वाटते, आणि म्हणूनच की काय, पुष्कळ लोक तज्ज्ञाकडे जाण्याचे टाळतात.

तिसरी तर्फ विषाणूंची. चामखीळ ह्यूमन पॅपिलोमा या विषाणूच्या घराण्यामुळे होते. ती संसर्गाने पसरते, आणि दाढीच्या पात्याबरोबर प्रवास करून एका चामखिळीच्या चार होऊ शकतात. तिच्यावरचा महाराष्ट्रमान्य उपाय म्हणजे घोड्याच्या शेपटीचा केस गच्च बांधणे. हा उपाय अन्यत्र घोड्याच्या टंचाईमुळे अडतो, परंतु कर्जत तालुक्यात मोटारींना बंदी असलेले आणि घोड्यांवर चालणारे माथेरान असल्यामुळे कच्च्या मालाच्या बाबतीत येथील जनता भाग्यवान आहे. त्यामागे थोडे शास्त्रही आहे: देठाला लोंबणाऱ्या मसाचा रक्तपुरवठा केसाने आवळला गेला तर तो सुकून गळू शकतो. अडचण एवढीच की चेहऱ्यावरची बहुतेक चामखीळ सपाट बैठकीची असते. तिला देठ नसतो, केसाला धरायला जागा सापडत नाही, आणि घरातील दोन वडीलधारी माणसे कंदिलासारखा मोबाइल धरून तिसऱ्याच्या गालावर गाठ मारत बसतात. अनेक चामखिळी वर्षा-दोन वर्षांत शरीराच्या प्रतिकारशक्तीपुढे हात टेकून आपोआप निघून जातात, पण त्याचे श्रेय अखेर घोड्यालाच मिळते.

चौथी आणि पाचवी तर्फ थोडक्यात आटोपता येतील. डोळ्यांखाली त्वचेच्याच रंगाचे चपटे दाणे ओळीने बसलेले असतील तर ते पुष्कळदा घर्मवाहिनीच्या, म्हणजे घाम बाहेर आणणाऱ्या नळीच्या, निरुपद्रवी गाठी असतात आणि त्यांना सिरिंगोमा म्हणतात. ही तर्फे घाम. गालफडांवर आणि कानशिलांपाशी काळसर, मोहरीएवढे ठिपके वयाबरोबर वाढत जात असतील तर ती तर्फे वारसा. त्यांना 1925 साली अल्डो कास्टेलानी या इटालियन वैद्याने डर्माटोसिस पॅप्युलोसा नायग्रा असे भारदस्त नाव दिले. सावळ्या त्वचेत ते विशेष आढळतात आणि बहुधा आई, आत्या किंवा आजोबांकडून न मागता मिळतात. वडिलोपार्जित मालमत्तेत हिस्सा मिळावा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या चढणाऱ्या कुटुंबातही या मालमत्तेची वाटणी बिनतक्रार आणि सर्वांना सारखी झालेली दिसते, हे तिचे सामाजिक वैशिष्ट्य होय. या दोन्ही तर्फांतील दाणे कोणत्याही साबणाने, लेपाने वा व्रताने हटत नाहीत. काढायचेच असतील तर विजेच्या बारीक सुईने तज्ज्ञाकडून जाळून घ्यावे लागतात, आणि न काढल्याने काहीही बिघडत नाही.

तर्फांची मोजणी येथे संपते आणि वहिवाटीचा प्रश्न सुरू होतो. पुटकुळी ही शरीराच्या दृष्टीने एक-दोन मिलिमीटरची घटना असली तरी समाजाच्या दृष्टीने ती सार्वजनिक मालमत्ता असते. पाठीवर गळू घेऊन माणूस आठवडाभर हिंडला तरी कोणाला पत्ता लागत नाही. परंतु नाकाच्या शेंड्यावर मोहरीएवढा दाणा आला की दहिवलीच्या घरातून निघून, पूल ओलांडून, कर्जत स्थानकात पोहोचेपर्यंत त्याची किमान तीन वेळा विचारपूस होते. ‘हे काय झालं गं?’ या प्रश्नाचे वैशिष्ट्य असे की तो विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असते आणि जिला विचारला जातो तिला ती गोष्ट पहाटेपासून ठाऊक असते. तरीही तो विचारला नाही तर आपुलकीत काही कमी पडले असे दोन्ही पक्षांना वाटते. कर्जतहून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस शंभर किलोमीटर दूर आहे, आणि लोकलला लागणाऱ्या सुमारे दोन तासांत समोरच्या बाकावरील प्रवाशांना या दाण्याचे सर्व अंगांनी निरीक्षण करण्यास भरपूर अवधी मिळतो. नेरळपर्यंत ते नुसते पाहतात, बदलापूरच्या सुमारास सल्ला देतात, आणि ठाणे येईतो त्यांच्या भाचीला काय लावल्याने बरे वाटले होते ते सविस्तर सांगून झालेले असते.

बोरघाटाची चढण काही ठिकाणी 37 फुटांस 1 फूट इतकी तीव्र असल्यामुळे पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात आणि त्यांना बँकर म्हणतात, हे येथील लहान मुलालाही माहीत असते. मागून जोर लावणाऱ्या इंजिनांची ही सवय गावाच्या स्वभावात उतरली असावी, कारण पुटकुळीग्रस्ताच्या मागेही अशीच इंजिने आपसूक जोडली जातात. फरक एवढाच की घाटातील इंजिने सर्व एकाच दिशेने ढकलतात. एक मावशी पोट साफ नाही म्हणून त्रिफळा सुचवतात, दुसऱ्या काकू रक्त तापले म्हणून गुलकंद देतात, शेजारचे काका उशिरापर्यंत मोबाइल पाहण्याचा हा परिणाम असल्याचे सांगतात, आणि तेलकट खाणे बंद करा या एका कलमावर मात्र तिघांचे एकमत होते. कर्जतमध्ये तेलकट या शब्दाचा रोख स्थानकावरच्या प्रसिद्ध दिवाडकर वड्याकडे असतो हे वेगळे सांगायला नको.

या आरोपाची छाननी केली असता निकाल अनपेक्षित लागतो. तळलेल्या तेलाचा आणि चेहऱ्यावरील तेलाचा थेट संबंध आजवरच्या अभ्यासांतून भक्कमपणे सिद्ध झालेला नाही, कारण खाल्लेले तेल पोटातून सरळ गालापर्यंत पोहोचवणारी कोणतीही नळी शरीरात नसते. उलट रक्तातील साखर झटकन वाढवणारे मैदा-साखरेसारखे पदार्थ आणि काही प्रमाणात दूध यांचा मुरमांशी संबंध असावा असे दाखवणारे पुरावे त्या मानाने बरे आहेत. पापुआ न्यू गिनीतील किटावा बेटाच्या रहिवाशांची आणि पॅराग्वेतील आचे या आदिवासींची तपासणी करून 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कंदमुळे, फळे, मासे आणि शिकार यांवर जगणाऱ्या या लोकांत मुरमांचा एकही रुग्ण आढळला नव्हता. यावरून कायद्याच्या भाषेत सांगायचे तर वडापाव या जोडगोळीतील वडा पुराव्याअभावी सुटतो, पाव संशयित ठरतो, आणि त्यांच्या सोबतीला घेतलेला गोड, दुधाळ चहा फरारी आरोपी म्हणून घोषित करावा लागतो. असा निकाल ऐकून पाव टाकून नुसता वडा खाणारा नागरिक अद्याप पाहण्यात आलेला नाही.

आहारानंतर लेपांचा क्रम येतो. घरातील सहाण एरवी देवाच्या चंदनापुरती उरलेली असते. पुटकुळीच्या दिवसांत मात्र तिच्यावर जायफळ, आंबेहळद, वेखंड आणि लवंग हे सर्व मानकरी आळीपाळीने झिजतात. लोध्र, धणे आणि वेखंड यांचा लेप तर आयुर्वेदाच्या परंपरेतलाच आहे, आणि बेसन, साय, मसूर, मुलतानी माती ही स्वयंपाकघराची राखीव फौज आहे. यांतील बहुतेक उपाय निरुपद्रवी असून, त्यांचा मोठा गुण असा की लेप वाळेपर्यंत माणसाला चेहऱ्याला हात लावता येत नाही. मात्र टूथपेस्ट दातांसाठी असते हे विसरून ती गालावर लावणे, लिंबाचा रस चोळून उन्हात जाणे, चुना लावून चामखीळ जाळू पाहणे आणि धोब्याने कपड्यांवर खूण करण्यासाठी वापरलेल्या बिब्ब्याचा डाग तोंडावर घेणे, या चार गोष्टींनी पुटकुळीचे काहीही होवो, तिच्या भोवतालचा चेहरा मात्र महिनाभर लक्षात राहतो.

याहूनही घातक उपाय म्हणजे ओळखीच्या दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेली, ‘सगळ्याला चालते’ अशी ख्याती असलेली ट्यूब. अशा मलमांत पुष्कळदा जिवाणूंवरचे औषध, बुरशीवरचे औषध आणि जोरकस स्टेरॉइड, म्हणजे सूज दाबून टाकणारे संप्रेरकासारखे द्रव्य, यांची खिचडी असते. स्टेरॉइडने पहिल्या आठवड्यात लाली ओसरते, रंग उजळल्यासारखा दिसतो, आणि ट्यूबची कीर्ती आळीभर पसरते. पुढे त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पूर्वीपेक्षा जोमाने पुटकुळ्या उठतात, आणि मलम थांबवले की चेहरा पेट घेतो. हा प्रकार देशभर इतका बोकाळला की त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेला त्याविरुद्ध मोहीम उघडावी लागली आणि 2018 साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा औषधांच्या यादीत घातली. तर्फ न विचारता केलेल्या उपायांचा हा कळस होय: सर्व दहिवल्यांना एकच नोटीस, आणि ती तामील होण्याची जागा गाल.

खऱ्या औषधांचा दोष एकच, की ती सावकाश चालतात. रेटिनॉइड या नावाने ओळखली जाणारी, अ जीवनसत्त्वाच्या कुळातील मलमे रंध्राच्या तोंडाशी बोळा बसू देत नाहीत आणि तेल व केराटिन या दोन्ही तर्फांवर ती कामी येतात. परंतु त्यांचा गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, आरंभी त्वचा कोरडी पडते, कधी पुटकुळ्या थोड्या वाढतातही, आणि गरोदरपणी ती वर्ज्य असल्यामुळे डॉक्टरांना विचारूनच घ्यावी लागतात. वास्तविक हा सबुरीचा हिशेब दहिवलीकरांना नवा वाटू नये. कर्जतचे भात संशोधन केंद्र कोकण कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली कर्जत-3, कर्जत-7 अशा नावांची वाणे देत आले आहे, आणि येथील शेतकरी भाताचे हळवे, निमगरवे आणि गरवे, म्हणजे लवकर, मध्यम मुदतीत आणि उशिरा तयार होणारे, असे तीन वर्ग जन्मापासून जाणतो. पुटकुळ्यांचेही तेच तीन वर्ग आहेत: आठवड्यात आलेली आठवड्यात जाते ती हळवी, महिना-दोन महिने मुक्काम करते ती निमगरवी, आणि पावसाळ्यात दिसलेला दाणा दिवाळीच्या उटण्यालाही दाद देत नाही तो गरवा. गरव्या भाताला आज लोंबी का आली नाही म्हणून रोज सकाळी रोप उपटून पाहणारा शेतकरी कोठेही सापडणार नाही; तोच शेतकरी गरव्या पुटकुळीचे मूळ दिवसातून दहा वेळा तपासतो.

या उतावळेपणाला लग्नसराईत विशेष धार चढते. कर्जतचा परिसर शेतघरांसाठी आणि अलीकडे लग्नाआधीच्या चित्रीकरणांसाठी प्रसिद्ध झाल्यामुळे हंगामात नदीकाठी, धबधब्यापाशी आणि भाताच्या बांधावर नटलेली जोडपी छायाचित्रकाराच्या हुकमाने एकमेकांकडे पाहत असतात. पुटकुळीला मुहूर्त कसा कळतो याचे शास्त्रीय उत्तर असे देता येईल की काळजी आणि जागरणे यांनी मुरमे बळावू शकतात, आणि लग्न ठरलेल्या घरात या दोहोंखेरीज दुसरे काही पिकत नाही. छायाचित्रकार संगणकावर दोन टिचक्या मारून दाणा पुसून टाकतो. हळदीच्या दिवशी तो प्रत्यक्षात तेथेच असतो, आणि सगळ्या करवल्या हळद लावण्याच्या मिषाने नेमक्या त्याच जागी बोट टेकवतात. अल्बममधील नितळ वधू आणि मांडवातील खरी वधू यांच्यात उरतो तो हा एवढाच दाणा, आणि तिला अल्बममधून बाहेर काढून माणसांत आणणारा पुरावाही तोच असतो. पारपत्राच्या अर्जात डोळ्यांना दिसणारी ओळखीची खूण विचारतात, तेव्हा सरकारलाही नितळपणाचा काही उपयोग नसतो.

आता शेवटच्या आणि नोंदवहीत न सापडणाऱ्या तर्फेकडे वळले पाहिजे. ऑस्ट्रेलियातील वैद्यकीय विद्यार्थ्यांवर केलेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात ते तासाला सरासरी 23 वेळा आपल्या चेहऱ्याला हात लावतात असे आढळले. जंतू कसे पसरतात हे शिकणाऱ्यांची ही स्थिती असेल, तर गालावर ताजा दाणा असलेल्या सामान्य माणसाचा आकडा विचारायलाच नको. नाकाचा वरचा भाग आणि ओठांचे दोन कोपरे यांना जोडणाऱ्या त्रिकोणातील शिरांचा संबंध कवटीच्या आतील शिरांशी येतो, आणि तेथे पिळलेल्या फोडातून संसर्ग क्वचित का होईना आत उतरू शकतो, म्हणून तज्ज्ञ त्या भागाला धोक्याचा त्रिकोण म्हणतात. या त्रिकोणाबाहेर पिळण्याने जीव जात नाही; पण लाली वाढते, काळा डाग बसतो, खड्डा राहतो, आणि जी गोष्ट आठ दिवसांत निवाली असती तिला वर्षाची मुदतवाढ मिळते. पुटकुळीचा म्हणून जो हट्ट सांगितला जातो तो बारकाईने पाहिला असता बहुतांशी बोटांचा हट्ट असल्याचे दिसून येते. त्वचेला दाण्याचा विसर पडू शकतो, पण उजव्या हाताच्या तर्जनीला तो पडत नाही. डोके पेपर वाचत असते आणि ती एकटीच गालावर गस्त घालत असते.

या तर्फेला तर्फे हात असे म्हणावे, आणि तिचा विचार कूळकायद्याच्या अंगाने करावा, कारण रायगडच्या माणसाला तो वैद्यकापेक्षा लवकर उमगतो. 1948 च्या कूळकायद्यातील पुढच्या दुरुस्तीने 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरला आणि कसेल त्याची जमीन हे तत्त्व अमलात आले. सातबाऱ्यावर मालक कोणीही असो, जो प्रत्यक्ष नांगर धरील त्याचा हक्क कायम झाला. गालावरच्या दाण्याचेही असेच होते. तो मूळचा तेलाचा असो, केराटिनचा असो, विषाणूचा वा वाडवडिलांचा असो, बोटाने तो रोज खणला, उकरला आणि सारखा केला की काही महिन्यांत मूळ मालकाचे नाव मागे पडते आणि दाणा कायदेशीररीत्या बोटाचा होऊन बसतो. असे कूळ एकदा लागले की ते उठवता उठवता त्वचारोगतज्ज्ञांच्या नाकी नऊ येतात, हे त्यांच्या प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी लिहिलेल्या ‘हात लावू नये’ या तीन शब्दांवरून कळते. औषधाचे नाव त्या चिठ्ठीत वर असते, सल्ला तळाशी असतो, आणि रुग्ण चिठ्ठी घडी करून खिशात ठेवतो ती नेमकी तळाकडून. दहिवलीतील जुन्या जमीनदारांना मात्र हा सल्ला कोणी समजावून सांगावा लागला नसता, कारण ज्या तुकड्याला कोणी हातच लावलेला नाही त्यावर कुळाला नाव चढवता येत नाही, हे त्यांना जमीन गमावून झाल्यावर नीट समजले होते.